पाचव्या ड्राइव्हच्या पुढे

“स्क्रीनवर किती दिसतायत?” श्रीरंगने विचारलं.

“पाच. सहापासून नऊपर्यंत सगळे लाल.”

“त्या चार मोटारी फिरतात का?”

“पॅनेलवरून हाताने चालू केल्या की फिरतात. पण कॉम्प्युटरचं ऐकत नाहीत. इथून त्यांना काही पोचतच नाहीये.”

फोनवर पलीकडून पंख्याची कुरकुर तेवढी आली. पुण्याच्या त्याच्या ऑफिसातला पंखा कुरकुरायचा, तो मला नेहमी ऐकू यायचा. मग तो म्हणाला, “लिहून घ्या, मॅडम. आपण एकेक बघत जाऊ.”

ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची, सोमवारची गोष्ट. वीस वर्षं झाली आता. वैनगंगेच्या काठी आमचा कागदाचा कारखाना होता आणि मी, हेमलता बोरकुटे, तिथली एकुलती एक बाई इंजिनिअर. वय सव्वीस. आईच्या मते घोडनवरी.

आमच्या मशीनच्या एका टोकाला लगदा आत जायचा आणि दुसऱ्या टोकाला कागदाचा रोल होऊन बाहेर यायचा. मधे नऊ मोटारी. प्रत्येक मोटारीचा वेग सांभाळायला एकेक ड्राइव्ह, कपाटाएवढा, वरच्या पॅनेल रूममध्ये ओळीने उभा. कॉम्प्युटरपासून एक जांभळी केबल निघायची ती पहिल्या ड्राइव्हला, तिथून दुसऱ्याला, अशी नवव्यापर्यंत. कॉम्प्युटरचे सगळे हुकूम तिच्यातून जायचे. नऊ मोटारी एका तालात फिरल्या तर कागद, नाहीतर चिंध्या.

ड्राइव्ह पुण्याच्या एका कंपनीचे होते. काही बिघडलं की त्यांच्या सर्व्हिस खात्याला फोन करायचा, आणि तो श्रीरंग दाबके उचलायचा. दोन वर्षं मी त्याला ओळखत होते आणि एकदाही पाहिलं नव्हतं. सुरुवातीला बिघाडापुरतं बोलणं व्हायचं. मग बिघाड दुरुस्त झाल्यावरही फोन दोन मिनिटं चालू राहायला लागला, मग दहा. तो विचारायचा, नदीला पाणी किती आहे. मी खिडकीतून बघून सांगायची. तो डबा खात असला की मी विचारायची, आज काय. बुधवारी त्याची आई न चुकता शेपूची भाजी द्यायची आणि तो न चुकता तक्रार करायचा. पुढे पुढे मी काही बिघडलं नसतानाही वहीत शंका काढून ठेवायची. इतक्या शंका मला कॉलेजात असत्या तर गोल्ड मेडल मिळालं असतं.

आमचे मॅनेजर खानझोडेसाहेब म्हणायचे, “तो पुण्याचा माणूस तिथून उंटावरून शेळ्या हाकते, न् तुम्ही हो हो करता.”

एकदा श्रीरंग म्हणाला होता, “तुमच्याकडे एकदा यायचंय मला. पण कंपनी कारणाशिवाय तिकीट काढत नाही. फोनवर सुटणार नाही असं काहीतरी बिघडायला हवं.”

“तसं काही बिघडत नाही इथं,” मी म्हणाले.

“तेच ना,” तो म्हणाला.

ते ‘तेच ना’ मी कितीतरी दिवस डोक्यात घोळवलं. आईने भंडाऱ्याचं एक स्थळ आणलं होतं, मुलगा शिक्षक. मी तिला म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. दिवाळीपर्यंत काय होणार होतं ते मलाही सांगता आलं नसतं. बोरकुटे आणि दाबके, दोन्ही आडनावं शेजारी ठेवली की पुढची सगळी भांडणं आधीच दिसायची. पण माणूस एकदा समोर तर यावा, मग भांडणांचं बघू, असं मला वाटायचं. सरळच सांगते, तो यावा म्हणून मी झुरत होते.

आणि आता खरंच काहीतरी बिघडलं होतं.

सोमवारी आणि मंगळवारी त्याने मला पॅनेल रूमभर नाचवलं. सहाव्या ड्राइव्हच्या कार्डावरचा दिवा लागतोय का? लागत होता. चारही ड्राइव्हचे नंबर कॉम्प्युटरमधल्या नंबरांशी जुळतात का? जुळत होते. केबल कुठं उंदरांनी कुरतडली आहे का? मी टॉर्च घेऊन शिडीवर चढले, पोटावर सरपटत सगळा मार्ग पाहिला. जाळी मिळाली, मेलेली पाल मिळाली, उंदीर नाही. केबल मोटारीच्या जाड वायरींना चिकटून जाते का? नाही. अर्थिंग नीट आहे? होतं. मग कार्ड बदलून पाहिलं. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. प्रत्येक वेळी मी फोनकडे धावत जायची आणि म्हणायची, “नाही.”

“बरं,” तो म्हणायचा. “मग पुढचं बघू.”

खाली मशीन लंगडत चाललं होतं. पहिल्या पाच मोटारी कॉम्प्युटरच्या हुकमाने फिरायच्या आणि उरलेल्या चारांचा वेग वर पॅनेलवर एक माणूस बटणं दाबून ठरवायचा. खालून झिबल निकुरे हात वर करून खुणा करायचे, वाढव, कमी कर. निकुरेकाका आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. तासाभरात कागद तुटायचा. मग काका त्याचं टोक हातात घेऊन, मशीन हळू फिरत असताना, मोटारींनी फिरणाऱ्या रोलांच्या मधून पुन्हा ओवायचे.

“मॅडम,” मंगळवारी संध्याकाळी ते मला म्हणाले, “या मशीनले काय झालं काही समजत नाही. मी तं नवमीले यवढं चांगलं पुसलं होतं बाप्पा.”

“काका, पुसण्याचा अन् याचा काय संबंध?” मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी श्रीरंग म्हणाला, “मॅडम, मला वाटतं आता मला यावंच लागेल. नागपूरचा आमचा माणूस रजेवर आहे. मी साहेबांशी बोललो. उद्या चारला ऑफिसातून निघतो, रात्रभर गाडी, परवा सकाळी तुमच्याकडे.”

“या ना,” मी म्हणाले. आवाज नेहमीसारखा ठेवायला मला फार कष्ट पडले.

“मला चष्मा आहे. स्टेशनवर ओळखायला सांगून ठेवतो.”

“मी जीप घेऊन येईन. निळी ओढणी असेल.”

“निळी,” तो म्हणाला, लिहून घेतल्यासारखं.

बुधवारी सकाळी मी पॅनेल रूम आवरायला घेतली. हे काम माझं नव्हे, पण पाहुणा येणार होता. दोन वर्षं फोनवर मी ज्या पॅनेल रूमचं वर्णन करत होते ती त्याला नीटनेटकी दिसायला हवी होती. खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा व्हायची. निकुरेकाका दर वर्षी सगळे ड्राइव्ह बाहेरून फडक्याने पुसायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. त्या पाकळ्या अजून खाली पडल्या होत्या. त्या झाडताना पाचव्या ड्राइव्हच्या दाराच्या फटीत एक पाकळी अडकलेली दिसली. या वर्षी काकांनी दारं उघडून आतूनही पुसलं होतं तर. वीज बंद होती, सुट्टीचा दिवस होता, हौसेने केलं असणार. मी दार उघडलं.

आत सगळं लखलखीत होतं. इतकं स्वच्छ पॅनेल मी कधी पाहिलं नव्हतं. जांभळ्या केबलच्या प्लगवर कुंकवाचं बोट उमटलं होतं, आणि त्या बोटाखाली असलेला तांदळाएवढा स्विच एका बाजूला सरकलेला होता.

तो स्विच प्रत्येक प्लगवर असतो. फक्त शेवटच्या ड्राइव्हवर तो ऑन ठेवायचा, कारण त्याचा अर्थ असा की ओळ इथं संपली, यापुढे कोणी नाही. मधल्या प्लगवर तो ऑन झाला तर पुढची केबल तिथंच तुटल्यासारखी होते. एवढं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण श्रीरंगने विचारलं नव्हतं म्हणून मी पाहिलं नव्हतं. तो सांगेल तेच आणि तेवढंच तपासायची मला सवय लागली होती. काखेत कळसा आणि मी दोन दिवस छताशी सरपटत होते.

मी बोट पुढे केलं. नखाने ढकललं की काम झालं असतं.

घड्याळात अकरा वाजले होते. तो चारला निघणार होता. एकदा गाडीत बसला की त्याला परत बोलवायची सोय नव्हती. त्या वेळी मोबाइल साहेब लोकांकडे असायचे. पाच तास. फक्त पाच तास मी काहीच करायचं नव्हतं. मशीन दोन दिवस लंगडतच होतं, अजून पाच तास लंगडलं तर कोणाचं काय जाणार होतं? तो गाडीत बसला की मी स्विच फिरवणार, आणि तो आला की म्हणणार, अहो, तुम्ही निघालात आणि सापडलं बघा. हसला असता तो. मग आलाच आहात तर नदी बघून जा, असं म्हणता आलं असतं.

मी दार लावून घेतलं. खाली जाऊन हात धुतले. कुंकू बोटाला लागलंही नव्हतं, तरी धुतले.

साडेबाराला त्याचा फोन आला.

“काही नवीन?”

“नाही,” मी म्हणाले. त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं खोटं.

“बरं. मी बॅग घेऊनच आलोय. टेबलाखाली आहे.” थोडं थांबून तो म्हणाला, “आज बुधवार आहे, पण मी डबा आणला नाही. भूकच नाहीये.”

“गाडीत खाऊन घ्या काहीतरी.”

“हो,” तो म्हणाला. “मॅडम, आल्यावर तुमच्याशी जरा बोलायचंय. कामाचं नाही.”

“बरं,” मी म्हणाले. त्यानंतर दोघांनाही फोन ठेवता येईना. शेवटी त्याला कोणीतरी हाक मारली.

दीडच्या सुमारास पुन्हा कागद तुटला. मी खाली मशीनपाशीच उभी होते. वर पॅनेलवर दोन दिवस तीच तीच बटणं दाबून कंटाळलेला माणूस होता. निकुरेकाकांनी टोक हातात घेतलं, सहाव्या रोलावरून पुढे नेलं, सातव्याकडे वळले. सातवा रोल एकदम वेगात आला. वरच्याने एक बटण जास्त दाबलं होतं. कागद काकांच्या हातातून हिसकला गेला आणि त्याबरोबर त्यांच्या सदऱ्याची बाही रोलात गेली. मी धावत जाऊन तांबडं बटण दाबलं. मशीन थांबेपर्यंत काकांनी खांदा मागे ओढून धरला होता. बाही खांद्यापासून फाटून रोलाला गुंडाळली होती.

काका खाली बसले. उघड्या हाताकडे बघून हसले.

“बाही गेली,” ते म्हणाले. “हात हाये.”

कोपरापासून वर कातडं सोललं होतं, लाल झालं होतं. कोणीतरी पाणी आणलं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

“तुम्ही काहून रडता?” ते म्हणाले. “ते पुण्याचे साहेब येऊन राह्यले ना उद्या? मंग होते सारं बराबर. एक दिवस तं काढाचा हाये.”

मी वर गेले. पाचव्याचं दार उघडलं आणि नखाने तो स्विच ढकलला. टक् असा बारीक आवाज झाला. कंट्रोल रूममध्ये येऊन पाहिलं तर स्क्रीनवर नऊच्या नऊ हिरवे. अडीच तास मी ज्याच्यावर बसून होते त्याला एक सेकंदही लागला नाही.

खानझोडेसाहेब धावत आले. “काय होतं?”

“एक प्लग सैल होता,” मी म्हणाले. काकांच्या फडक्याचं नाव घेतलं असतं तर निवृत्तीच्या तोंडावर त्यांना मेमो मिळाला असता. आणि कोणी विचारलं असतं की कधी सापडलं, तर मी काय सांगणार होते?

सव्वादोनला मी पुण्याला फोन लावला.

“सापडलं,” मी म्हणाले. “पाचव्याचा स्विच ऑन झाला होता. पूजेच्या वेळी पुसताना सरकला असणार.”

पंखा कुरकुरत होता.

“अच्छा,” तो म्हणाला.

“चारही आले. मशीन चालू झालं.”

“छान झालं.” मग म्हणाला, “मी विचारायला हवं होतं हे. राहिलं माझ्याकडून.”

“असू दे हो. दोन दिवस मलाही दिसलं नाही.”

“म्हणजे आता माझी यायची गरज…”

त्याने वाक्य अर्धं सोडलं. ते पुरं करायचं काम माझं होतं. या की हो, असं म्हणता आलं असतं. कोणतंही कारण सांगता आलं असतं, दोन वर्षं शंका काढण्यात मी तरबेज झालेच होते. पण माझ्या डोळ्यांसमोर काकांचा सोललेला हात होता. अडीच तास मी जे केलं होतं त्यानंतर या माणसाला समोर उभं करून त्याच्याकडे बघायची माझी लायकी नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. तो किती सरळ, आणि मी अशी.

“नाही,” मी म्हणाले. “गरज नाही यायची.”

“नाही ना?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला. “तिकीट रद्द करतो मग.”

त्यानंतर मी त्याला फोन करणं कमी केलं. वहीत शंका काढणं बंद केलं. एक-दोनदा त्याने आपणहून केला, नदीचं विचारलं, मी तुटक बोलले. मला माझीच लाज वाटत होती आणि त्याला वाटलं असेल की बाईच्या मनात काही नव्हतंच. दिवाळी आली. भंडाऱ्याचे लोक येऊन मला बघून गेले. वैशाखात लग्न झालं. नवरा भला माणूस आहे, त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

लग्नानंतर मी भंडाऱ्याजवळच्या दुसऱ्या कारखान्यात लागले. तिथंही त्याच कंपनीचे ड्राइव्ह होते. चार वर्षांनी त्यांनी मला पुण्याला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. जाताना मी मनाला बजावलं होतं की काही विचारायचं नाही. पहिल्या दिवशी जिन्यात, कँटीनमध्ये, प्रत्येक चष्मेवाल्याकडे मी बघत होते. तिसऱ्या दिवशी शिकवायला काळे नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी सगळ्यांना एक पातळ पुस्तिका वाटली. ड्राइव्हशी संपर्क तुटला तर गिऱ्हाइकाला फोनवर काय काय विचारायचं, त्या प्रश्नांची यादी.

मी वाचायला लागले. दुसरा प्रश्न, कार्डावरचा दिवा लागतो का. तिसरा, ड्राइव्हचे नंबर जुळतात का. चौथा, केबल उंदरांनी कुरतडली आहे का. पाचवा मोटारीच्या वायरींचा, सहावा अर्थिंगचा. वाचता वाचता मला त्याचा आवाज ऐकू यायला लागला. हाच क्रम, हेच शब्द. मी शिडीवर, तो फोनवर.

मग मी वर, पहिल्या प्रश्नाकडे गेले. एका जागेपासून पुढचे सगळे ड्राइव्ह गेले असतील तर त्या जागेच्या प्लगवरचा स्विच चुकून ऑन झाला आहे का?

पुस्तिकेच्या कव्हरवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, संकलन श्रीरंग दाबके. तारीख आमच्या त्या दसऱ्याच्या दीड वर्ष आधीची होती.

“सर,” मी विचारलं, “हा पहिला प्रश्न विचारायचा राहून जाऊ शकतो का कधी?”

काळे हसले. “नवख्याकडून राहतो. दाबके होते ना आमच्याकडे, ज्यांनी ही यादी केली, ते तर नवीन पोरांच्या हातातून फोन काढून घ्यायचे. म्हणायचे, दहातल्या नऊ वेळा हेच असतं, आधी हे विचारा आणि मग तोंड उघडा.”

“त्यांच्याकडून राहिला असेल कधी?”

“दाबक्यांकडून? शक्य नाही हो, मॅडम.”

“कुठं असतात ते आता?”

“मस्कतला. दोन वर्षं झाली.”

काळे पुढचं शिकवायला लागले. मला काही ऐकू येत नव्हतं. मी ज्याला सरळ समजत होते त्याने पहिल्या मिनिटाला ओळखलं होतं काय झालंय ते, आणि दोन दिवस मला दुसऱ्या प्रश्नापासून पुढे फिरवलं होतं. त्याने चूक केली होती. मशीन लंगडत ठेवलं होतं, माझ्याइतकंच, माझ्या आधीपासून. काकांच्या हातावरच्या त्या कातड्यात त्याचाही वाटा होता आणि हे त्याला माहीतही नव्हतं. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. मला एवढंच कळत होतं की कंपनी कारणाशिवाय तिकीट देत नव्हती, म्हणून त्याने कारण दोन दिवस जपून ठेवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले आणि खूप रडले. इतक्या लांब यायला निघालेला माणूस, टेबलाखाली बॅग ठेवून बसलेला, त्याने मला दोनदा विचारलं होतं. आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणाले होते.